सिंहाने दंड चावून फोडला, पण दुखलंच नाही! डॉ. लिव्हिंगस्टन, नाशिकची मुलं आणि मेंदूतला वेदनेचा व्हॉल्व्ह

शहापूर-मुरबाडकडे भातकापणी सुरू झाली की एक गोष्ट घरोघरी घडते. विळा सपासप चालत असतो, हात भरभर पुढे सरकत असतो आणि मध्येच शेजारची बाई ओरडते, अगं तुझ्या बोटातून रक्त येतंय. तोवर त्या बाईला पत्ताच नसतो. रक्त दिसतं आणि मग दुखायला लागतं.

बोटाचं ठीक आहे. पण सिंहाने दंड धरला, हाड फोडलं, उंदरासारखं गदागदा हलवलं आणि तरीही माणसाला दुखलं नाही, असं कुणी सांगितलं तर?

असं सांगणारा माणूस साधासुधा नव्हता. तो स्वतः डॉक्टर होता. आफ्रिकेचे नकाशे बदलणारा म्हणून जगभर गाजलेला होता. तो मुंबईतही राहून गेला, नाशिकलाही जाऊन आला.

त्याचं नाव डेव्हिड लिव्हिंगस्टन.

वेदना मेंदूत कशी दाबली जाते हे शिकवताना आजही त्याचा किस्सा सांगितला जातो. त्याच्या आयुष्याची गोष्ट वाचली की मेंदूच्या मधोमध असलेली एक छोटीशी जागाही समजून घेता येते.

गिरणीतला पोरगा डॉक्टर कसा झाला?

लिव्हिंगस्टनचा जन्म १९ मार्च १८१३ चा, स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावातला. घरची परिस्थिती बेताची. दहाव्या वर्षी तो गावातल्या कापूस गिरणीत कामाला लागला. सुताचे तुटलेले धागे जोडायचे, हे त्याचं काम. सकाळी सहाला सुरू व्हायचं ते रात्री आठला संपायचं.

पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्याने थोडे पैसे काढून लॅटिन व्याकरणाचं पुस्तक घेतलं. रात्री आठनंतर शाळा. दिवसा यंत्रावर पुस्तक उघडं ठेवायचं आणि येता-जाता एकेक वाक्य वाचायचं.

पुढे गिरणीत काम करूनच पैसे साठवले आणि १८३६ मध्ये ग्लासगोला वैद्यकीय शिक्षण सुरू केलं. १८४० मध्ये डॉक्टरकीचा परवाना मिळाला.

त्याला जायचं होतं चीनला, मिशनरी डॉक्टर म्हणून. पण तेव्हा ब्रिटन आणि चीनमध्ये पहिलं अफूचं युद्ध पेटलं होतं. या अफूशी आपलाही संबंध आहे बरं का. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. त्या युद्धामुळे चीनचा रस्ता बंद झाला आणि लंडन मिशनरी सोसायटीने लिव्हिंगस्टनला दक्षिण आफ्रिकेला पाठवलं.

ही अफू लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

त्या दिवशी माबोत्सात काय झालं?

१८४१ मध्ये तो आफ्रिकेत पोहोचला. तीन वर्षांनी माबोत्सा नावाच्या ठिकाणी त्याने मुक्काम टाकला. तिथे सिंहांनी गावकऱ्यांना हैराण केलं होतं. रात्री गोठ्यात शिरून गुरं मारायचे. दिवसाढवळ्याही यायला लागले होते. कळपातला एक जरी सिंह मारला, तरी बाकीचे तो भाग सोडून जातात, हे अनुभवाने माहीत होतं. म्हणून लोकांना धीर द्यायला लिव्हिंगस्टन बंदूक घेऊन बरोबर निघाला.

तारीख १६ फेब्रुवारी १८४४. वय तीस.

झुडपाआड खडकावर बसलेला सिंह दिसला. लिव्हिंगस्टनने दोन्ही नळ्यांतून गोळ्या झाडल्या. सिंहाला लागल्या, पण तो मेला नाही. बंदूक पुन्हा भरत असतानाच सिंहाने झेप घेतली. त्याने लिव्हिंगस्टनचा डावा दंड खांद्याजवळ धरला, त्याला खाली पाडलं आणि कुत्रा उंदराला हलवतो तसं हलवलं.

बरोबर मेबाल्वे नावाचा स्थानिक शिक्षक होता. त्याने नेम धरला, पण बार उडालाच नाही. सिंहाचं लक्ष मात्र तिकडे गेलं. लिव्हिंगस्टनला सोडून तो मेबाल्वेवर धावला आणि त्याची मांडी फोडली. तिसरा एक माणूस भाला घेऊन पुढे आला, त्याच्याही खांद्याला सिंहाने धरलं. तेवढ्यात आधी लागलेल्या गोळ्यांनी काम केलं आणि सिंह कोसळला.

लिव्हिंगस्टनच्या दंडावर दातांच्या अकरा जखमा होत्या. हाडाचे तुकडे झाले होते.

१८५७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने हे सगळं लिहिलं. त्यात एक विलक्षण निरीक्षण होतं. सिंहाने हलवल्यावर त्याला गुंगीसारखं वाटलं. काय चाललंय ते सगळं दिसत होतं, कळत होतं, पण वेदना नव्हती आणि भीतीही नव्हती. ही अवस्था त्याने क्लोरोफॉर्मच्या अर्धवट गुंगीत असलेल्या रुग्णासारखी असल्याचं सांगितलं. ऑपरेशन दिसतं, पण सुरी जाणवत नाही, तशी.

यातली गंमत बघा. सिंहाचा हल्ला १८४४ चा आणि क्लोरोफॉर्म वापरात आला १८४७ मध्ये. म्हणजे ज्या दिवशी हे घडलं, त्या दिवशी भूल देण्याचं हे औषध डॉक्टरांच्या हातात नव्हतंच. त्या अनुभवाला उपमा मिळाली ती नंतर.

असं का झालं, याचं उत्तर त्याने आपल्या श्रद्धेतून दिलं. शिकार होणाऱ्या प्राण्यांचं मरण सुसह्य व्हावं म्हणून देवाने केलेली ही सोय असावी, असं त्याला वाटलं.

विज्ञानाला याचं उत्तर शोधायला आणखी सव्वाशे वर्षं लागली.

जखम म्हणजे वेदना नव्हे

आपल्याला वाटतं, जखम झाली की दुखणारच. जेवढी मोठी जखम, तेवढं जास्त दुखणं. पण शरीर असं सरळ गणित करत नाही.

त्वचा फाटली किंवा हाड मोडलं की तिथल्या मज्जातंतूंची टोकं इशारा पाठवतात. हा इशारा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत येतो. तिथून वर मेंदूकडे जातो. मेंदूत पोहोचल्यावर त्याची वेदना होते. त्याआधी तो फक्त संदेश असतो.

शहापूरकरांना हे समजावायला फार वेळ लागणार नाही. तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. मुंबईची तहान भागवणारं पाणी इथून जातं. तरी उन्हाळ्यात तालुक्यातल्याच कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. कारण धरणात पाणी असणं वेगळं आणि ते आपल्या नळाला येणं वेगळं. मध्ये व्हॉल्व्ह असतो आणि तो कुणाच्या तरी हातात असतो.

जखम म्हणजे धरणातलं पाणी. वेदना म्हणजे नळाला आलेलं पाणी. आणि व्हॉल्व्ह? तो मज्जारज्जूत आहे. तो फिरवण्याचा हुकूम मात्र वरून सुटतो, मध्यमेंदूतून.

ही जागा नेमकी कुठे आहे?

मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूकडे उतरणारा जो देठासारखा भाग असतो, त्याच्या वरच्या टोकाला मध्यमेंदू असतो. त्याच्या आतून एक बारीक नळी जाते. मेंदूभोवती जे पाण्यासारखं द्रव असतं, ते या नळीतून वाहतं. या नळीला वेढून करड्या रंगाच्या पेशींचा एक थर असतो. त्याचं नाव पेरिॲक्वेडक्टल ग्रे. सोपं करून सांगायचं तर नळीभोवतीचा करडा भाग. डॉक्टर त्याला थोडक्यात पीएजी म्हणतात.

१९६४ मध्ये चिनी संशोधकांनी सशांवरच्या प्रयोगात दाखवलं की अगदी थोडं मॉर्फिन मेंदूच्या या भागात सोडलं तरी वेदना दबते. मॉर्फिन अफूपासूनच बनतं. ज्या अफूच्या युद्धाने लिव्हिंगस्टनचा चीनचा रस्ता अडवला, तीच अफू मेंदूतल्या या जागेवर काम करते.

मग १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स या अमेरिकन संशोधकाने उंदरांच्या याच भागात बारीक तार घालून सौम्य वीज सोडली आणि भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. उंदीर जागे होते, पण सुरीला त्यांनी प्रतिसाद दिला नाही.

म्हणजे वेदना बंद करण्याची यंत्रणा मेंदूतच होती. बाहेरून औषध घालायची गरज नव्हती.

मग प्रश्न असा पडला की अफूसारखं मादक द्रव्य आपल्या मेंदूत काम करतंच कसं? मेंदूत त्यासाठी कुलूप आहे याचा अर्थ शरीराकडे स्वतःची किल्लीही असणार. १९७५ मध्ये जॉन ह्यूज आणि हॅन्स कोस्टरलिट्झ यांना ती किल्ली सापडली. मेंदू स्वतःच अफूसारखे पदार्थ तयार करतो. त्यांना नाव मिळालं एन्केफॅलिन. हा शोध लागला ॲबर्डीनमध्ये. म्हणजे लिव्हिंगस्टनच्याच स्कॉटलंडमध्ये!

आता सगळी साखळी जुळते. पीएजीकडून हुकूम सुटतो. तो मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात येतो, तिथून मज्जारज्जूत उतरतो आणि जखमेकडून वर येणारा इशारा वाटेतच अडवतो. जखम तिथेच असते, रक्त वाहत असतं, पण खबर वर पोहोचत नाही.

फक्त वेदनाच नाही, सगळं शरीरच

पीएजीकडे फक्त वेदनेचं खातं आहे असं समजू नका. हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वास, ओरडणं, लघवी कधी रोखायची आणि कधी सोडायची, या सगळ्यात या भागाचा हात असतो. भीतीने घशातून किंकाळी निघते किंवा लहान मूल घाबरून कपडे ओले करतं, तेव्हा या यंत्रणेचं काम दिसत असतं.

यातही दोन तऱ्हा आहेत.

पीएजीचा वरचा आणि बाजूचा भाग पेटला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. हृदय धडधडतं, रक्तदाब चढतो, स्नायूंना रक्त मिळतं आणि वेदना दबते.

खालच्या बाजूचा भाग पेटला की उलटं होतं. हालचाल थांबते, ठोके मंदावतात, अंग शांत पडतं. सुटकेचा मार्ग उरला नाही की शरीर या वाटेने जातं. यातही वेदना दबते आणि इथे शरीरातले अफूसारखे पदार्थ जास्त कामाला येतात.

लिव्हिंगस्टनचा मेंदू तेव्हा कुणी तपासला नव्हता, तशी साधनंही नव्हती. पण त्याचं वर्णन पुन्हा बघा. गुंगी, शांतता, भीती नाही, भान मात्र पूर्ण. सिंहाच्या जबड्यात अडकलेल्या, पळायला वाट नसलेल्या माणसाचं हे वर्णन दुसऱ्या तऱ्हेशी चांगलंच जुळतं.

शरीर असं का करतं? कारण जीव वाचवायच्या क्षणी वेदनेचा उपयोग नसतो. मोडलेल्या हाताकडे बघत बसलात तर सिंह खाऊन टाकेल. आधी जगा, दुखणं नंतर बघू, असा हा हिशोब आहे. लाखो वर्षांत ज्या प्राण्यांना हा हिशोब जमला, ते टिकले.

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरला हेच दिसलं. रणांगणावर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना वेदनाशामक औषध नको होतं. तशाच जखमा शांततेच्या काळात झाल्या तर माणसं औषधासाठी विनवण्या करतात. सैनिकासाठी ती जखम म्हणजे युद्धातून जिवंत सुटका होती. मनात काय चाललंय, त्यावर व्हॉल्व्ह फिरतो.

पण ही सोय थोड्या वेळाचीच

सिंह मेला. धोका टळला. आणि मग व्हॉल्व्ह उघडला.

लिव्हिंगस्टनच्या आसपास दुसरा डॉक्टर नव्हता. मोडलेलं हाड कसं बसवायचं, हे त्याला स्वतःच सांगावं लागलं. भूल नव्हतीच. हाड नीट जुळलं नाही. जिथे सांधा नसतो तिथे सांध्यासारखी हलणारी जागा तयार झाली. पुढे आयुष्यभर तो डावा हात खांद्याच्या वर नीट नेऊ शकला नाही.

पुढच्या वर्षी, १८४५ मध्ये त्याचं मेरी मॉफट हिच्याशी लग्न झालं. त्याच दुबळ्या हाताने त्याने आफ्रिका पालथी घातली. १८५५ मध्ये झांबेझी नदीवरचा प्रचंड धबधबा पाहून त्याला राणी व्हिक्टोरियाचं नाव दिलं. तिथल्या लोकांना तो आधीपासून माहीत होताच, त्याचं त्यांच्या भाषेत नावही होतं. १८५६ मध्ये त्याने आफ्रिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार केला. मायदेशी परतला तेव्हा तो हिरो झाला होता.

पुढची झांबेझी मोहीम मात्र फसली. १८६२ मध्ये त्या मोहिमेतच मेरीचा मृत्यू झाला. १८६३ मध्ये सरकारने मोहीम गुंडाळण्याचा आदेश दिला.

आणि इथून ही गोष्ट आपल्याकडे येते.

मुंबई, नाशिक आणि मधलं शहापूर

लिव्हिंगस्टनकडे लेडी न्यासा नावाची छोटी आगबोट होती. ती विकायची होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकली तर गुलामांचे व्यापारी ती वापरतील, ही त्याला भीती. म्हणून त्याने काय केलं, तर नदी-तलावासाठी बांधलेली ती बोट घेऊन थेट हिंदी महासागर ओलांडला. पावसाळा तोंडावर होता. कोळसा पुरेसा नव्हता, म्हणून शिडांचा आधार घेत पंचेचाळीस दिवसांनी, १३ जून १८६४ ला तो मुंबईत पोहोचला.

ती मुंबई कापसाच्या तेजीतली होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मुंबईहून जात होता आणि शहरात पैशाचा पूर आला होता. गिरणीत धागे जोडणारा पोरगा पन्नाशीत कापसाच्या या राजधानीत उतरला.

त्याच्याबरोबर आफ्रिकी खलाशी होते आणि चुमा व वाकाटानी ही दोन मुलंही होती. गुलामांच्या तांड्यातून सुटका झालेली. या मुलांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवलं. हे तेच विल्सन, ज्यांचं नाव आजही विल्सन कॉलेजला आहे. सुसी नावाच्या तरुणाला बंदरात काम मिळालं.

लिव्हिंगस्टन इंग्लंडला जाऊन १८६५ च्या सप्टेंबरमध्ये परत आला. आता त्याला नाईल नदीचा उगम शोधायला जायचं होतं आणि माणसं हवी होती. त्यासाठी तो नाशिकला गेला.

त्याच वर्षी, १ जानेवारी १८६५ ला, रेल्वेने कसारा घाट चढून इगतपुरी गाठली होती. आज आपण आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा करत जातो, तो शहापूर तालुक्यातला पट्टा तेव्हा नुकताच मुंबई आणि नाशिकला रुळांनी जोडला गेला होता.

नाशिकला काय होतं? शरणपूर. आजचा शरणपूर रोड ज्याच्यामुळे ओळखला जातो, ती ख्रिस्ती मिशनची वसाहत. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जायची, त्यातून सुटलेली आफ्रिकी मुलं इथे आणली जायची. त्यांना लिहायला-वाचायला आणि सुतारकी, लोहारकी अशी कामं शिकवली जायची. घरापासून हजारो किलोमीटर दूर, गोदावरीकाठी ही मुलं मोठी होत होती.

त्यातली नऊ मुलं लिव्हिंगस्टनबरोबर जायला तयार झाली. इतिहासात त्यांना नासिक बॉइज म्हणतात.

लेडी न्यासा मुंबईत २३०० पौंडांना विकली गेली. बांधायला जवळपास ६००० लागले होते. आलेले पैसे त्याने इथल्या बँकेत ठेवले आणि कापसाची तेजी कोसळल्यावर ती बँकही बुडाली.

३ जानेवारी १८६६ ला त्याने मुंबई सोडली. बरोबर मुंबईचे तेरा शिपाई, नाशिकची नऊ मुलं, चुमा, वाकाटानी, सुसी. शिवाय उंट आणि म्हशीसुद्धा! आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीच्या चाव्यापुढे ही जनावरं टिकतात का, ते त्याला बघायचं होतं. टिकली नाहीत.

इथे वेदना पाठ सोडत नाही

शेवटची सात वर्षं वाईट गेली. शिपाई परत फिरले, बरेच जण सोडून गेले. जानेवारी १८६७ मध्ये एक हमाल औषधांची पेटी घेऊन पळाला. जंगलात, तापाच्या प्रदेशात, डॉक्टरकडेच औषध उरलं नाही.

१८७० मध्ये पायांना असे व्रण झाले की तो जवळपास तीन महिने एका जागी पडून होता. आतड्याचा आजार, रक्तस्राव, दात पडलेले. १८७१ च्या जुलैमध्ये न्यांगवेच्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी केलेलं हत्याकांड त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि त्याचं त्याने लिहिलेलं वर्णन पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा मोठा पुरावा ठरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पत्रकार हेन्री स्टॅनली त्याला शोधत उजीजीला पोहोचला, तेव्हा जगाला कळलं की हा माणूस जिवंत आहे.

इथे प्रश्न पडतो. ज्या मेंदूने सिंहाच्या जबड्यात वेदना बंद केली, त्याने या सात वर्षांत ती का नाही केली?

कारण ती यंत्रणा क्षणासाठी बनलेली आहे. महिनोन् महिने चालणाऱ्या दुखण्यावर ती पुरी पडत नाही. उलट झोप नाही, काळजी सतत, शरीर खंगलेलं, अशा वेळी मेंदूतून खाली उतरणारे हेच मार्ग कधीकधी उलटे फिरतात आणि इशारा दाबायच्या ऐवजी वाढवतात. जुनाट कंबरदुखी, संधिवात, मज्जातंतूंचं दुखणं असलेल्यांना हे पटेल. रिपोर्टमध्ये फार काही दिसत नाही, पण दुखणं खरं असतं. त्या माणसाला नाटकी म्हणणं चुकीचं आहे. त्याचा व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे, एवढंच.

आणि उलट बाजूने, वेदना कायमची बंद असणं हेही वरदान नाही. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात, चटका कळत नाही, जखम कळत नाही आणि त्यातून बोटं झडतात. वेदना ही शरीराची राखण आहे.

मोडक्या हाडाने पटवलेली ओळख

१ मे १८७३. आजच्या झांबियातलं चितांबो गाव. झोपडीत, पलंगाशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत लिव्हिंगस्टन मेलेला आढळला. वय साठ.

मुंबईहून निघालेल्या मूळ पथकातले आणि जुन्या सोबत्यांतले मिळून पाचच जण उरले होते. त्यांत चुमा आणि सुसी होते, नाशिकचा गार्डनरही होता. नाशिकला शिकलेली आणखी काही मुलं नंतर मदतीला पाठवली गेली होती, त्यांत जेकब वेनराइट होता.

या लोकांनी ठरवलं, साहेबाला त्याच्या गावी पोहोचवायचं. त्यांनी हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं. देहाला मीठ लावून उन्हात सुकवलं. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. मग हा देह खांद्यावर घेऊन ते दीड हजारहून जास्त किलोमीटर चालले. फेब्रुवारी १८७४ मध्ये किनाऱ्यावर पोहोचले. वाटेत त्यांचे स्वतःचेही काही लोक मेले.

इंग्लंडला पेटी पोहोचली, पण हा देह लिव्हिंगस्टनचाच कशावरून? चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. तेव्हा सर्जन विल्यम फर्ग्युसन यांनी डावा दंड तपासला. हाडात ती न जुळलेली जागा होती. तीस वर्षांपूर्वी, वेदना न होता, सिंहाने मोडलेली.

१८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला दफन केलं. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता.

लिव्हिंगस्टनबद्दल आज दोन्ही बाजूंनी बोललं जातं. गुलामगिरीविरुद्ध त्याने आवाज उठवला, हे खरं. त्याच्या नकाशांमागून साम्राज्यवादी आफ्रिकेत शिरले, हेही खरं. आणि ज्यांनी त्याला खांद्यावर आणलं, त्यांची नावं खूप उशिरा सांगितली गेली, हे तर नक्कीच खरं.

आपल्यासाठी यात काय आहे?

शहापूर आणि मुरबाडच्या जंगलात सिंह नाहीत, पण बिबटे आहेत. कसारा घाट आहे, माळशेज घाट आहे आणि दोन्हीकडे अपघात होतात.

बाईक घसरते, माणूस उठतो, कपडे झटकतो, काही झालं नाही म्हणतो आणि चालायला लागतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच दुखत नसतं. पण आत फासळी मोडलेली असू शकते, पोटात रक्तस्राव चालू असू शकतो, मानेला मार असू शकतो. लिव्हिंगस्टनचं हाड फुटलं होतं तेव्हा त्यालाही दुखत नव्हतं.

म्हणून जोराचा मार बसला असेल तर दुखत नाही या शब्दावर विसंबू नका. मानेला किंवा पाठीला लागल्याची शंका असेल तर माणसाला ओढून उठवू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात तपासून घ्या.

आणखी एक. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते आणि बऱ्याचदा काहीच दुखत नाही. याचं कारण मात्र मेंदूतला व्हॉल्व्ह नाही. मण्यारीचे दात बारीक असतात आणि तिच्या विषाने चावल्या जागी फारशी आग किंवा सूज येत नाही. पण तेच विष पुढे श्वास थांबवतं. पहाटे पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली, पोटात दुखायला लागलं, तर दुखलं नव्हतं म्हणून थांबू नका. भगताकडेही वेळ घालवू नका. थेट सरकारी रुग्णालय गाठा.

मेंदू आपल्याला वाचवण्यासाठी कधीकधी खबर दाबून ठेवतो. ते त्या क्षणापुरतं बरोबर असतं. पण क्षण टळला की जखम आहे का, हे आपणच बघायचं असतं.